रक्त नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?

‘डॉक्टर, रक्त नॉर्मल आलं. आता गोळी बंद केली तर चालेल ना?’ मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण हा प्रश्न रोज विचारतात, आणि त्याचे उत्तर आता बहुतेक वाचकांना पाठ झाले असेल. परंतु एक आजार असा आहे की त्याच्या रुग्णाने हा प्रश्न विचारला, तर मी बाहेरची रांग थांबवून त्याला समोर बसवून घेतो. तो आजार म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ हा प्रकार. नाव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला सीएमएल म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

‘रक्ताचा कर्करोग’ हे शब्द कानावर पडले की घरातली माणसे हातपाय गाळून बसतात. या एका प्रकारात मात्र गेल्या पंचवीस वर्षांत चित्र पार पालटले आहे. पूर्वी निदान झाल्यावर रुग्णाची तीन ते पाच वर्षे बरी जात आणि मग आजार एकदम उसळत असे. आज हेच रुग्ण रोज गोळी घेऊन कामावर जातात, मुलांची लग्ने करतात, भातलावणीला शेतात उतरतात. हे सारे ज्या गोळीमुळे घडले, तीच गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडणारे रुग्ण मला आपल्या खालापूर-कर्जत भागात भेटतात. गोळी नेमके काय करते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून आजचा लेख.

साजगाव-खोपोलीच्या पट्ट्यात कारखाने पुष्कळ. कामगारांची वर्षातून एकदा तपासणी होते, आणि आमच्याकडे सीएमएलचा संशय बऱ्याचदा तेथूनच येतो. माणूस ठणठणीत असतो, सायकल मारत दवाखान्यात येतो, आणि हातातल्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशींचा आकडा असतो ८० हजार किंवा दीड लाख! निरोगी माणसात तो एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४ ते ११ हजार असतो. काहींना थकवा येतो, वजन उतरते, रात्री घाम फुटतो, किंवा डाव्या बरगडीखाली जड वाटते आणि दोन घास खाल्ले की पोट भरते. हे जडपण प्लीहेचे, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो तिचे. वाढलेली पाणथरी पाहून ‘जुना हिवताप असेल’ असे सांगणारे आणि तिच्यावर झाडपाला बांधणारे अजून आहेत. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे कर्करोगच झाला असे मात्र कोणी समजू नये. साध्या जंतुसंसर्गातही त्या वाढतात. आकडा फारच मोठा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासूनही खाली येत नसेल, तर पुढची तपासणी टाळू नये, एवढेच.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका घरी रुग्णाचे ताट आणि तांब्या वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे. त्याची काहीही गरज नाही. आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या आजारांतही तो मोडत नाही. हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुस्फोटांनंतर तेथील वाचलेल्या लोकांत हा आजार वाढलेला आढळला होता, म्हणजे मोठ्या प्रमाणातला किरणोत्सर्ग हे त्याचे एक कारण आहे. पण बहुतेक रुग्णांत असे कोणतेच कारण सापडत नाही. ‘माझ्याच नशिबी का?’ याला वैद्यकाकडे उत्तर नाही. ‘माझ्या शरीरात काय झालं?’ याला मात्र अगदी नेमके उत्तर आहे. इतके नेमके उत्तर फार थोड्या कर्करोगांत देता येते.

ते समजण्यासाठी तलाठ्याचे दप्तर डोळ्यांसमोर आणा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते आणि सातबारा मोबाइलवर मिळतो, पण जुने दप्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. मूळ वह्या कपाटात. त्या दप्तराबाहेर जात नाहीत. ज्याला काम असेल त्याला नक्कल मिळते, आणि बँकेचे कर्ज असो वा भावाभावांची वाटणी, पुढची सारी कामे त्या नकलेवर होतात. शरीरातल्या पेशीत असेच एक दप्तर आहे, त्याला केंद्रक म्हणतात. त्यात २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. या झाल्या वह्या. वहीतली एकेक नोंद म्हणजे जनुक, ज्याला इंग्रजीत जीन म्हणतात. प्रथिने कशी बनवायची हे सांगणाऱ्या अशा सुमारे २० हजार नोंदी आपल्या दप्तरात आहेत. जनुकाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावर लिहिल्याप्रमाणे प्रथिन तयार होते. पेशीतले जवळजवळ सगळे काम ही प्रथिनेच करतात.

गंमत अशी, की आपल्या कातडीच्या पेशीत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीत दप्तर एकच असते. तरीही एक कातडी होते आणि दुसरी जंतूंशी लढते. कारण दोघींनी काढलेल्या नकला वेगळ्या. कोणत्या नोंदीची नक्कल काढायची, किती काढायच्या आणि थांबायचे कधी, यावर पेशीचे सगळे वागणे ठरते. नक्कल निघून तिचे प्रथिन तयार होणे याला शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

आता नक्कल काढण्याचा हुकूम कोण देतो? शरीराच्या गरजेप्रमाणे पेशीच्या बाहेरून निरोप येतो. समजा पायाला जखम झाली, पांढऱ्या पेशी जास्त हव्यात. हा निरोप पेशीच्या कडेपासून केंद्रकापर्यंत हातोहात पोचवावा लागतो, आणि तो पोचवण्याची रीत म्हणजे शिक्का. विकर, म्हणजे एन्झाइम, म्हटले की आपल्याला लाळ आणि पचन आठवते. पण सगळी विकरे पचनाची नसतात. कायनेज नावाच्या जातीची विकरे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारतात. त्यासाठी लागणारी शाई, म्हणजे फॉस्फेट, ती एटीपी नावाच्या पदार्थातून घेतात. शिक्का बसला की ते प्रथिन कामाला लागते, पुढच्याला निरोप देते. काम झाले की शिक्का पुसणारी दुसरी विकरे असतात. शिक्का मारणे आणि पुसणे यांचा मेळ बसला, की पेशी शहाण्यासारखी वागते.

यांपैकी एबीएल नावाचे कायनेज आपल्या सर्वांच्या पेशीत आहे. माझ्याही आणि तुमच्याही. ते मर्यादशील असते. सांगितले तरच शिक्का मारते, एरवी मिटून बसते. त्याची नोंद नवव्या गुणसूत्रावर आहे. बाविसाव्या गुणसूत्रावर बीसीआर नावाची दुसरी नोंद आहे. सीएमएलच्या रुग्णात अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, एका मूळ पेशीत ही दोन गुणसूत्रे तुटतात आणि जुळताना तुकड्यांची अदलाबदल होते. नवव्या वहीचे पान बाविसाव्या वहीत शिवले जाते. दप्तराच्या भाषेत हा चुकीचा फेरफार झाला! अर्धी नोंद बीसीआरची आणि अर्धी एबीएलची, अशी एक नवीच नोंद तयार होते. तिच्या नकलेवरून जे विकर बनते त्याला बीसीआर-एबीएल असे जोडनाव आहे.

या जोडविकराला मिटून बसणे ठाऊकच नाही. बाहेरून निरोप असो वा नसो, ते रात्रंदिवस शिक्के मारत सुटते.

त्याचा परिणाम काय होतो ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण सारा आजार त्यात आहे. या विकराच्या शिक्क्याने स्टॅट-५ नावाचे प्रथिन जागे होते, थेट केंद्रकात शिरते आणि ठराविक नोंदींच्या नकला काढायला लावते. त्यांतली एक नोंद बीसीएल-एक्सएल या प्रथिनाची. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. वाचकांना नवल वाटेल, पण निरोगी शरीरात रोज कोट्यवधी पेशी आपले काम संपवून ठरल्याप्रमाणे मरतात, आणि तसे मरणे ही आरोग्याची खूण आहे. येथे ते मरणच अडते. दुसऱ्या वाटेने जाणारे शिक्के पेशीला ‘विभागणी कर, आणखी हो’ असे सांगणाऱ्या मिक वगैरे जनुकांची अभिव्यक्ती वाढवतात. तिसरा परिणाम पेशींच्या चिकटपणावर होतो. कोवळ्या पेशी अस्थिमज्जेला धरून राहायच्या, त्या सुटून वेळेआधीच रक्तात उतरतात. जन्म वाढले, मरण थांबले, आणि घर सोडण्याची घाई झाली. ८० हजारांचा आकडा आणि मोठी झालेली पाणथरी ही त्याचीच फळे.

येथे लक्षात घ्या, की या नोंदींत खाडाखोड झालेली नाही. मिकची नोंद शाबूत आहे, बीसीएल-एक्सएलची शाबूत आहे. वहीत चूक एकच, नवव्या-बाविसाव्याच्या जोडणीची. पण त्या एका चुकीतून जन्मलेला कारकून कचेरीतल्या शेकडो नोंदींच्या नकला भलत्या वेळी, भलत्या संख्येने काढायला लावतो.

आणि नक्कल निघाली म्हणजे प्रथिन तयार झालेच, असेही नाही. सीएमएलच्या शेवटच्या, उसळलेल्या टप्प्यात याचे मोठे बोलके उदाहरण सापडले. कोवळ्या पांढऱ्या पेशीने मोठे होऊन कामाला लागावे यासाठी सी-ईबीपी अल्फा नावाचे प्रथिन लागते. या टप्प्यातील रुग्णांच्या पेशींत त्याची नक्कल व्यवस्थित निघालेली दिसत होती, पण प्रथिन मात्र दिसेना. शोध घेतल्यावर कळले, की बीसीआर-एबीएलमुळे एक वेगळेच प्रथिन पेशीत वाढते, ते या नकलेवर जाऊन बसते आणि तिचे वाचनच होऊ देत नाही. दप्तरातून सातबाऱ्याची नक्कल मिळाली, पण बँकेच्या दारात कोणी ती हातातून काढून घेतली, तशी गत! २००२ साली हे प्रसिद्ध झाले. पेशी मग कोवळ्याच राहतात, निकामी आणि असंख्य. या अवस्थेला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात, आणि ती आजही आम्हा डॉक्टरांची झोप उडवते. सगळी धडपड रुग्णाला तेथपर्यंत पोचू न देण्याची असते. जोडविकर दीर्घकाळ मोकाट राहिले, की डीएनएच्या दुरुस्तीतही बिघाड होतो, वह्यांत नवनव्या चुका साठत जातात आणि हा टप्पा जवळ येतो. सुरुवातीला जी एक चूक होती, तिच्या दहा होतात.

हा उलगडा एका दिवसात झाला नाही. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नॉवेल आणि हंगरफर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा तोकडे दिसले. म्हणून ते ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’. १९७३ साली शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी दाखवले की तो तुकडा हरवलेला नाही, नवव्या आणि बाविसाव्यात अदलाबदल झाली आहे. १९९० साली हे जोडजनुक उंदरांच्या पेशींत घातल्यावर त्यांना तसाच रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा गुन्हेगार हाच याबद्दल शंका उरली नाही. मग विचार पुढे आला: शाईच बंद केली तर?

कायनेजच्या अंगावर एक खळगा असतो. एटीपी त्यात येऊन बसते, तेव्हाच शिक्का मारता येतो. इमॅटिनिब हे औषध नेमके त्या खळग्यात जाऊन बसते. शाईच्या डबीत कोणी लाकडाचा तुकडा ठोकून बसवावा तसे. विकर तेथेच असते, पण शिक्का उमटत नाही. शिक्का नाही म्हणून स्टॅट-५ झोपते, बीसीएल-एक्सएलच्या नकला घटतात, आणि जगत राहिलेल्या पेशी मरू लागतात. १९९८ साली अमेरिकेत डॉ. ब्रायन ड्रकर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर चाचण्या सुरू केल्या. जुन्या इंटरफेरॉनच्या उपचाराला दाद न देणाऱ्या ज्या ५४ रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा मिळाली, त्यांपैकी ५३ जणांच्या रक्ताचे आकडे पूर्ववत झाले. वैद्यकात असे आकडे क्वचितच पाहायला मिळतात. मे २००१ मध्ये औषधाला तेथे मान्यता मिळाली. सुरुवातीपासून इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांच्या पुढील मोठ्या पाहणीत, दहा वर्षांनंतर शंभरातले सुमारे ८३ जण हयात होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोळीने वहीतला चुकीचा फेरफार रद्द होत नाही. तो अस्थिमज्जेतल्या काही मूळ पेशींत तसाच राहतो. या मूळ पेशींपैकी काही सुस्त पडून असतात, त्या या विकरावर फारशा अवलंबून नसतात, म्हणून गोळीला पुरून उरतात. गोळी पोटात आहे तोवर शाईची डबी बंद. औषधाचा अंमल साधारण दिवसभर पुरतो, म्हणून गोळी रोज. ती थांबली की खळगा मोकळा होतो आणि शिक्के पुन्हा सुरू. साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी ७ हजार आल्या, याचा अर्थ आजार गेला असा नसून गोळी आपले काम करते आहे असा आहे.

‘एखाद्या दिवशी राहिली तर काय होतं?’ हा पुढचा प्रश्न. कार्तिकी एकादशीला आपल्या साजगावच्या विठोबाची यात्रा भरते. त्या पंधरवड्यात दुकान लावणाऱ्याला जेवायला फुरसत नसते, तर गोळीची आठवण कोठून? लग्नसराई, लावणी, रात्रपाळी अशी कारणे सर्वांनाच असतात. परंतु लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेली पाहणी मी माझ्या प्रत्येक सीएमएल रुग्णाला सांगतो. त्यांनी बरीच वर्षे इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना नोंद करणारी झाकणे बसवली. बाटली केव्हा उघडली ते त्यात टिपले जाई. ज्यांनी शंभरातल्या नव्वदाहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार समाधानकारक पातळीपर्यंत खोल दबण्याची शक्यता सहा वर्षांत ९४ टक्क्यांवर होती. नव्वद किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांवर आली. महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या नव्वद टक्के म्हणजे सत्तावीस. म्हणजे महिन्याला अवघ्या तीन गोळ्या चुकल्या, की माणूस या दुसऱ्या गटात जातो. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायची नसते, हेही सांगून ठेवतो.

औषध अर्धवट पडत राहिले आणि आजार उसळला, की आणखी एक संकट वाढते. त्या विकराच्या खळग्याचाच आकार बदललेल्या पेशी पुढे सरसावतात. कधी कधी गोळ्या नियमित घेऊनही असे घडते, त्यात रुग्णाचा दोष नसतो. लाकडाचा तुकडा मग नव्या खळग्यात बसत नाही. त्यासाठी डॅसॅटिनिब, निलोटिनिब अशी पुढची औषधे आहेत. एका हट्टी बदलावर तीही चालत नाहीत, तेथे पोनॅटिनिबसारखे वेगळे औषध लागते. पण पर्याय आहेत म्हणून पहिले औषध हातचे घालवू नये.

म्हणून साध्या सीबीसीवर विसंबू नका. बीसीआर-एबीएलची नक्कल रक्तात किती उरली आहे हे मोजणारी पीसीआर तपासणी असते. आधी सांगितलेली आरएनए नक्कल हीच. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी तिचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी १ टक्क्याच्या आत आणि वर्षाने ०.१ टक्क्यापर्यंत यावे, अशी अपेक्षा असते. हे आकडे रुग्णाला स्वतःला माहीत असावेत, असे माझे मत आहे. वीज बिलाचे युनिट आपण तपासतो, मग हे का तपासू नये?

मग गोळी जन्मभरच का? काही निवडक रुग्णांत, ज्यांनी बरीच वर्षे गोळी घेतली आहे आणि ज्यांची पीसीआर काही वर्षे अतिशय खोल पातळीवर टिकून आहे, अशांत तज्ज्ञ डॉक्टर गोळी थांबवून पाहतात. जगभरच्या अशा प्रयोगांत साधारण निम्म्या जणांना ती पुन्हा लागली नाही. उरलेल्यांत आजार परतला, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांत तो परत दबला. पण हे दर महिन्याला पीसीआर करून, तज्ज्ञाच्या नजरेखाली करायचे काम आहे. आपल्या मनाने गोळी सोडणे ही वेगळी गोष्ट, दोन्हींची गल्लत करू नये.

पैशांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि या गोळीची किंमत कमी होण्याची कथा मुंबईतूनच जाते. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या मूळ गोळीचा खर्च त्या काळी महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये येई. कंपनी अनेक गरीब रुग्णांना ती मोफतही देत असे, हे नमूद केले पाहिजे. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. कंपनीने येथे पेटंट मागितले तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्याला हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानेही पेटंट नाकारले. जुन्या पदार्थाचे नुसते नवे रूप, औषधाचा गुण वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, पेटंटला पात्र नाही, असा आपल्या कायद्यातील कलमाचा अर्थ लावला गेला. आज इमॅटिनिबच्या भारतीय गोळ्या त्या आठ-दहा हजारांहूनही पुष्कळ स्वस्त मिळतात. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली काय मिळू शकते, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असू द्यावे, नाहीतर एक फेरी फुकट जाते.

उपचारांसाठी आपल्याकडून जाणे अवघड नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून रुग्णसेवेत आहे, आणि खोपोलीहून लोकलने दादर-परळ गाठता येते. त्याच संस्थेचे संशोधन आणि उपचार केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेल तालुक्यातील खारघरला आहे. डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली मुंबईत कर्करोगावर संशोधन करणारी जी संस्था उभी राहिली, तिचेच हे पुढचे रूप. ती २००२ मध्ये खारघरला आली. पेशीतल्या कोणत्या प्रथिनावर कोणता शिक्का बसतो, असल्या विषयांचा अभ्यास आपल्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर चालतो, हे किती वाचकांना ठाऊक असेल?

शेवटी गोळी घेणाऱ्यांसाठी काही बारीकसारीक. इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे येणे, जुलाब आणि कातडीचा रंग उजळणे हे त्रास होतात. रंग उजळल्याने काही बायका खूशही होतात! या त्रासांवर उपाय आहेत, त्यासाठी गोळी सोडू नये, डॉक्टरांना सांगावे. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी दिवस राहण्याआधीच तज्ज्ञांशी बोलावे, कारण गर्भाला या औषधाचा धोका आहे. आणि आपल्या भागात महत्त्वाचे म्हणजे क्षयरोग. क्षयावरील रिफॅम्पिसिन या गोळीमुळे यकृत इमॅटिनिबचा फार झपाट्याने निचरा करते, रक्तातली मात्रा घसरते, आणि रुग्ण दोन्ही औषधे इमानाने घेत असूनही शाईची डबी उघडी पडते. तेव्हा क्षयाचे औषध सुरू होताना, किंवा दातांच्या डॉक्टरांपासून वैद्यांपर्यंत कोणीही काहीही नवे औषध देताना, सीएमएलची गोळी चालू आहे हे आधी सांगावे. गोळीचे रिकामे पाकीट खिशात ठेवले तरी पुरे. नाव उच्चारता आले नाही तर दाखवता तरी येते.